सहीला नाही म्हणू नका : म्युनिकमधल्या मराठी घरांना खुलं पत्र

प्रति,
म्युनिक आणि परिसरात घरातली खोली भाड्याने देणारी मराठी कुटुंबं,
तसेच आपल्या मंडळांचे कार्यकर्ते,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर खोलीची जाहिरात आली. यू-बान (मेट्रो) पाच मिनिटांवर, घरगुती वातावरण, शाकाहारी मुलीला प्राधान्य, आणि शेवटच्या ओळीत : "आन्मेल्डुंग मिळणार नाही." म्हणजे इथे राहा, पण या पत्त्यावर सरकारी नोंदणी करायला आम्ही सही देणार नाही. खाली बघता बघता वीसेक मुलींनी चौकशी केली. शेवटच्या ओळीबद्दल एकीनेही विचारलं नाही. ऑक्टोबरच्या मध्याला हिवाळी सत्राची लेक्चर्स सुरू होतात, त्याच्या आधी ऑक्टोबरफेस्टने शहर भरून गेलेलं असतं, आणि या दिवसांत म्युनिकमध्ये छप्पर मिळालं हेच पुष्कळ वाटतं. तेव्हा कुणी विचारत नाही हे मला कळतं. मीही विचारलं नव्हतं.

हे पत्र त्या एका जाहिरातीबद्दल नाही. अशी ओळ मी दर सप्टेंबरात वाचते, आणि लिहिणारी माणसं परकी नसतात. त्यांच्या घरी मी हळदीकुंकवाला गेले आहे, त्यांच्या मुलांना मंडळाच्या नाटकात पेटी वाजवून साथ केली आहे. म्हणून एकेकाला गाठून बोलण्यापेक्षा सगळ्यांना उद्देशून लिहिते आहे.

तुम्हाला इथे येऊन पंधरा-वीस वर्षं झाली असतील तर आन्मेल्डुंग म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक आहे, पण आज तिचं काय झालंय हे कदाचित ठाऊक नसेल. तुमच्यापैकी बरेच जण सांगतात, "आम्ही आलो तेव्हा कुणाची सही लागत नव्हती. आपण जायचं, पत्ता सांगायचा, शिक्का घ्यायचा." खरं आहे. २००२ ते २०१५ या काळात घरमालकाचा कागद लागत नसे. १ नोव्हेंबर २०१५ पासून देशभरासाठी एकच नोंदणी कायदा लागू झाला आणि हा कागद परत आला. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नोंदणी करायची, आणि जाताना घर देणाऱ्याचं लेखी निवेदन बरोबर न्यायचं. त्यात असतं तरी काय? घर देणाऱ्याचं नाव-पत्ता, तो मूळ मालक नसेल तर मालकाचं नाव, घराचा पत्ता, राहायला आल्याची तारीख, राहणाऱ्याचं नाव आणि खाली सही. एका पानाचं काम. भाडेकरार दाखवून हे काम होत नाही, हाच कागद लागतो. त्याचं जर्मन नाव मात्र एवढं लांब आहे की आमच्यात सगळे त्याला नुसतं 'घरमालकाचा कागद' म्हणतात.

हा कागद नसला की काय अडतं, ते मी स्वतःवरून सांगते.

मी २०१७च्या ऑक्टोबरमध्ये आले. माझे वडील सांगली जिल्ह्यात तलाठी होते, त्या वर्षीच निवृत्त झाले होते. घरातलं सगळं आयुष्य नोंदींवर चाललेलं. फोनवर जेवलीस का हे विचारायच्या आधी ते विचारायचे, "नोंद धरली का गं तुझी?" मी म्हणायचे, धरतील, बाबा. मी एका मराठी कुटुंबात राहत होते. माणसं चांगली होती. वहिनी सकाळी माझ्यासाठीही चहा टाकायच्या. पण पहिल्याच आठवड्यात दादा म्हणाले, "आन्मेल्डुंगचं मात्र तेवढं तू तुझं बघ." मी कुठे बघणार होते?

बँकेने नोंदणीचा कागद मागितला. विद्यापीठातल्या एका प्रयोगशाळेत तासावर काम मिळत होतं, तिथे पगारासाठी स्टॉयर आयडी, म्हणजे करदात्याचा क्रमांक, मागितला. हा अकरा आकडी क्रमांक नव्या माणसाला नोंदणीनंतरच, पोस्टाने, नोंदवलेल्या पत्त्यावर येतो. नोंदणी नाही म्हणून क्रमांक नाही, क्रमांक नाही म्हणून पगारातून सगळ्यात चढ्या दराने कर कापणार, आणि खातं नाही म्हणून उरलेला पगार तरी कुठे टाकणार? त्यांनी दोन आठवडे वाट पाहिली आणि काम दुसऱ्याला दिलं. वर्षभराच्या खर्चाचे पैसे बाबांनी कर्ज काढून व्हिसासाठी लागणाऱ्या ब्लॉक्ड अकाउंटमध्ये भरले होते. ते दरमहा सुटायचे तर इथलं चालू खातं लागतं. पैसे माझेच होते, पण ते हातात येत नव्हते. आज ही रक्कम वर्षाला ११,९०४ युरो आहे, महिन्याला ९९२. त्यासाठी घरच्यांनी काय काय गहाण टाकलेलं असतं, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही.

इथे फ्लॅटला नंबर नसतो हे मला माहीत नव्हतं. पोस्टमन पेटीवरचं नाव वाचतो आणि पत्र टाकतो, नाव नसेल तर पत्र परत. आरोग्य विम्याचं कार्ड येणार होतं म्हणून मी एका पांढऱ्या पट्टीवर नाव लिहून ती दादांच्या नावाखाली चिकटवली. संध्याकाळी परत आले तर पट्टी नव्हती. पेटीच्या पत्र्यावर डिंकाचा ओरखडा तेवढा राहिला होता, नखाने खरवडल्यासारखा. वहिनी म्हणाल्या, "हाउसमाइस्टर बघतो गं सगळं." हाउसमाइस्टर म्हणजे इमारतीची देखरेख करणारा माणूस. कार्ड परत गेलं. मी त्या घरात झोपत होते, भाडं देत होते, शनिवारी जिना झाडत होते, आणि माझं नाव कुठेही नव्हतं.

माझा व्हिसा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात संपत होता. राहण्याचा परवाना पुढे वाढवायचा अर्ज आपण जिथे नोंदलेलो आहोत तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात करायचा असतो. व्हिसा संपायच्या आत अर्ज गेला तर निर्णय होईपर्यंत आपण कायदेशीर राहतो. तो दिवस चुकला तर ते संरक्षण आपोआप मिळत नाही. डिसेंबरच्या मध्याला म्युनिकच्याच नॉयपेरलाख भागातल्या दुसऱ्या एका मराठी कुटुंबाने मला खोली दिली. त्या काकूंनी पोळ्या लाटता लाटता हात पुसले, कागद ओट्यावर ठेवला आणि सही केली. कागदाच्या कोपऱ्याला कणीक लागली. तो तसाच घेऊन मी गेले.

कार्यालयातल्या बाईंनी कागद पाहिला, पासपोर्टवरचा शिक्का पाहिला आणि साधंच विचारलं, "तुम्ही ऑक्टोबरमध्ये आलात. मग आजपर्यंत कुठे राहत होता?" मी म्हणाले, "मैत्रिणींकडे. कधी इथे, कधी तिथे." त्यांनी मान डोलावली आणि पुढचं टाइप करू लागल्या. ज्या देशात मला राहायचं होतं त्या देशाच्या माणसाशी माझं हे पहिलं सरकारी बोलणं, आणि त्यात मी खोटं बोलले. दादा-वहिनींना त्रास होऊ नये म्हणून बोलले. कायदा असं सांगतो की घर देणाऱ्याने कागद नाकारला तर नोंदणी करणाऱ्याने ते लगेच कार्यालयाला कळवायचं, आणि नाकारणाऱ्याला १,००० युरोंपर्यंत दंड होऊ शकतो. पण ज्यांच्या हातचा चहा प्यायला त्यांचं नाव कोणती मुलगी सांगेल? आपण सगळे त्या मुलीच्या याच भिडेवर विसंबून आहोत. मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे.

आता तुमच्या बाजूने बोलते, कारण तुम्ही सही का करत नाही यावर मी पुष्कळ विचार केला आहे. मला वाटतं, मुळाशी आहे आपली जुनी धास्ती : कूळ लागेल.

ही धास्ती उगाच आलेली नाही. १९४८चा कूळ कायदा आणि १ एप्रिल १९५७चा कृषक दिन ज्यांच्या घरांनी पाहिला, त्यांना सातबाऱ्यावर कुणाचं नाव लागणं म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. मुंबई-पुण्यात पागडीच्या जागा पिढ्यानपिढ्या अडकल्या. अकरा महिन्यांच्या कराराची सवय आपल्याला त्यातूनच लागली. नाव लागलं की हक्क लागला, हे आपल्या अंगात मुरलेलं आहे. ते आपण विमानातून बरोबर आणलं आणि इथल्या नोंदवहीला लावलं.

पण इथली नोंदवही म्हणजे सातबारा नव्हे. तिच्यात कोण कुठे राहतं एवढंच लिहिलेलं असतं. त्या नोंदीने कुणालाही तुमच्या घरावर कसलाही हक्क मिळत नाही. भाडेकरूचे हक्क येतात ते भाड्याच्या व्यवहारातून, आणि तो व्यवहार तोंडी असला, नोंदणी नसली, तरीही ते येतात. म्हणजे सही नाकारून तुम्ही स्वतःला कशापासूनही वाचवत नाही. नुकसान होतं ते फक्त त्या पोरीचं. उलट, तुम्ही स्वतः राहत असलेल्या घरातली सामानासकट दिलेली खोली असेल आणि त्यात एकटाच माणूस राहत असेल, तर कायदा तुमच्या बाजूला बराच झुकलेला आहे : महिन्याच्या १५ तारखेपर्यंत लेखी नोटीस दिली की त्या महिन्याअखेर खोली मोकळी करून मागता येते, आणि त्यासाठी कारणही द्यावं लागत नाही. हे मी बाबांना फोनवर समजावलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे नुसती वर्दी आहे की ती, फेरफार नव्हे." अगदी तसंच आहे.

दुसरी शंका पैशांची. कुणी सांगतं, एक माणूस वाढला की रेडिओ-टीव्हीची वर्गणी वाढते. नाही वाढत. ती घरामागे एकच असते, १८.३६ युरो महिना, आत दोघं राहोत की पाच. पाणी आणि कचऱ्याचा खर्च तुमच्या इमारतीत माणशी वाटला जात असेल तर तो थोडा वाढेल. तो भाड्यात धरा, कुणी तक्रार करणार नाही. भाड्याचं उत्पन्न लपवायचं म्हणून सही टाळली जात असेल, तर त्याचा भार एकवीस वर्षांच्या मुलीच्या व्हिसावर टाकू नका. एवढंच म्हणेन.

एक अडचण मात्र खरी आहे, आणि ती मी हलक्यात घेत नाही. तुमच्यापैकी पुष्कळ जण स्वतःच भाड्याने राहतात. मूळ मालकाची परवानगी न घेता खोली दिली आहे आणि आता सही करायला भीती वाटते, असं ते आहे. पहिली गोष्ट ही की मूळ भाडेकरूसुद्धा 'घर देणारा' ठरतो, सही तो करू शकतो. दुसरी ही की परवानगी मागण्याला पर्याय नाही. पण ती मागितली तर बहुधा मिळते. घराचा काही भाग दुसऱ्याला देण्यात तुमचं रास्त हित आहे असं दाखवता आलं, उदाहरणार्थ तुम्ही राहायला आल्यानंतर एकट्यावर भाडं जड झालं, तर ठोस कारण असल्याशिवाय मालकाला नाही म्हणता येत नाही.

आम्ही हे केलं आहे. २०२२मध्ये आमची छोटी खोली रिकामी झाली तेव्हा नवराही आधी म्हणाला, कशाला मालकाला जागं करायचं. मी त्याला पेटीवरच्या त्या ओरखड्याची गोष्ट सांगितली. मग दोघांनी मिळून चार ओळींचं पत्र लिहिलं : कोण येणार, कधीपासून, कोणत्या खोलीत, का. नऊ दिवस उत्तर नव्हतं. ते नऊ दिवस मी नीट झोपले नाही, खरं सांगते. दहाव्या दिवशी "हरकत नाही, नाव कळवा" एवढाच ईमेल आला. आणि समजा, नाही आलं असतं? तर खोली दिली नसती. मी ते कठोर वाटत असूनही लिहिते आहे : ज्याला सही देता येत नाही, त्याने खोली देऊ नये. भाडं घ्यायचं आणि माणूस मात्र तिथे नाहीच असं दाखवायचं, हे बरोबर नाही.

पाहुण्यांची गोष्ट निराळी आहे, त्यात गोंधळ नको. आई-बाबा किंवा सासू-सासरे उन्हाळ्यात भेटीला आले, तर तीन महिन्यांपर्यंत त्यांची नोंदणी करावी लागत नाही. शिकायला किंवा नोकरीला आलेला माणूस तुमच्याकडे बिऱ्हाड करून राहिला, की मात्र दोन आठवडे मोजायला लागायचं.

सही मिळाली नाही की मुलं काय करतात, हेही तुम्हाला माहीत असायला हवं. ती पत्ता विकत घेतात. इंटरनेटवर पैसे घेऊन कागद देणारे आहेत. राहायचं एका ठिकाणी, नाव भलत्याच ठिकाणी. असा खोटा पत्ता देणाऱ्याला ५०,००० युरोंपर्यंत दंड आहे, आणि घेणाराही सुटत नाही. त्यात त्याची सगळी पत्रं एका अनोळखी माणसाच्या पेटीत जातात : बँकेचा पिन, विम्याचं कार्ड, परदेशी नागरिक कार्यालयाची तारीख. गेल्या वर्षी लातूरकडच्या एका मुलाबरोबर मी अशा पेटीसमोर उभी राहिले आहे. पेटीवर सात नावं होती, सात वेगवेगळ्या लिपींतून आल्यासारखी, आणि आत पत्रं कोंबलेली. किल्ली असलेला माणूस फोन उचलत नव्हता. त्या मुलाने पेटीच्या फटीत मोबाइलचा उजेड टाकून आपलं नाव दिसतं का ते पाहिलं. दिसलं. काढता मात्र आलं नाही.

जर्मनीत शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांत आज सगळ्यात मोठा गट भारतीयांचा आहे. २०२३-२४च्या हिवाळी सत्रात तो आकडा सुमारे ४९,००० होता. त्यात मराठी मुलं किती, हे मंडळाच्या गणपतीत आरतीला उभं राहिलं की डोळ्यांना दिसतं. आम्ही मोदक वाढतो, ढोल देतो, "काही लागलं तर सांग रे" म्हणतो. त्यांना लागते ती सही, आणि तेवढीच आपण देत नाही.

मंडळांच्या कार्यकर्त्यांना माझी विनंती साधी आहे. आपल्या ग्रुपवर 'आन्मेल्डुंग नाही' असं लिहिलेली खोलीची जाहिरात ठेवू नका, काढून टाका. जिथे नाटकाच्या तालमी ठरतात तिथे कायदा मोडणारी जाहिरात आपण चालवून घेतो, हे मला पटत नाही. ज्यांना मूळ मालकाला पत्र लिहायचं आहे त्यांच्यासाठी जर्मनमध्ये एक चांगला मसुदा तयार करा, आपल्यात वकील आहेत. आणि ऑक्टोबरमध्ये दोन रविवार नव्या मुलांना अर्ज भरून देण्यासाठी ठेवा. त्या अर्जात बारीक बारीक खड्डे आहेत. 'धर्म' या रकान्यात काही मुलं भाबडेपणाने काहीतरी लिहून येतात. तो रकाना चर्चच्या करासाठी आहे, आणि आपल्या बायर्न (बव्हेरिया) राज्यात तो आयकराच्या ८ टक्के असतो. नावाचाही गोंधळ होतो. आपल्या पासपोर्टवर स्वतःच्या नावाला वडिलांचं नाव जोडलेलं असतं, इथे ते दोन्ही मिळून पहिलं नाव होतं. मग पेटीवर, बँकेत, विद्यापीठात तीन ठिकाणी तीन नावं नकोत म्हणून ते पहिल्याच दिवशी नीट लिहावं लागतं.

माझंही तसंच लिहिलं गेलं. जानेवारी २०१८मध्ये नॉयपेरलाखच्या त्या पेटीत माझा स्टॉयर आयडी आला तेव्हा पाकिटावर माझं नाव, बाबांचं नाव आणि आडनाव, तिन्ही होती. काकूंनी पाकीट टेबलावर उभं करून ठेवलं होतं, मीठदाणीला टेकवून. मी फोटो काढून बाबांना पाठवला. त्यांनी लगेच फोन केला. बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "झाली म्हणायची मंजूर."

ज्या घरात मी पहिले अडीच महिने राहिले त्यांच्यावर माझा राग नाही. ते हे पत्र वाचतील असं मला वाटतं. दादा, वहिनी, तुम्ही मला उपाशी ठेवलं नाहीत आणि रात्री उशीर झाला तर स्टेशनवर घ्यायला आलात, ते मी विसरलेले नाही. यंदा तुमच्याकडे जी मुलगी आली आहे तिचं नाव पेटीवर लागू द्या.

कागदाचा नमुना म्युनिक शहराच्या संकेतस्थळावर आहे, नोंदणीला पैसे पडत नाहीत. ज्यांना डाउनलोड करून छापण्याचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी मी तीस प्रती छापल्या आहेत. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये, चपला काढायच्या मांडणीजवळ, सकाळी दहा ते दोन मी बसलेली असेन. पेन आणते. ज्यांना येणं जमणार नाही त्यांनी मंडळाकडे निरोप ठेवा, मी संध्याकाळी घरी येईन.

कळावे, लोभ असावा.

आपली,
नॉयपेरलाखमधली एक भाडेकरू